आधी पानं मोजा

७ ऑगस्ट

धाकटीस आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं ठीक. ह्यांचा गुडघा आणि माझा स्वभाव, दोन्ही जागच्या जागी आहेत. तिकडे भावजींची आणि तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालते.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते बाजूला ठेवलं असशील. तरी आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. चौदा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही मला नाही. टिटवीनं तुमचा फोन नंबर दिला होता. दोनदा लावला आणि तिकडे वाजायच्या आत ठेवून दिला. फोनवर माणूस मध्येच "बरं, बाकी काय विशेष" म्हणतं आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून पत्र.

हो, तुझी टिटवी इथे येऊन गेली. प्रयोगशाळेच्या प्रशिक्षणासाठी ती दोन महिने ह्या गावात आहे हे तुला माहीतच आहे. पण गेल्या रविवारी तिनं आमचं घर शोधून काढलं, हे बहुधा माहीत नसेल. तुला विचारून आली की न विचारता, ह्याची मी चौकशी केली नाही. तूही करू नकोस. दार उघडलं तर समोर एक उंच मुलगी, केस कापलेले, पाठीला पिशवी. "मोठी आई, ओळखलंत का?" म्हणाली. मी म्हटलं, "चपला बाहेर काढ." मग ओळखलं.

पाच वर्षांची होती तेव्हा दिवसभर टिवटिव करायची म्हणून मीच तिला टिटवी म्हणायला लागले होते. अजून तशीच बोलते. ह्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तिला तीनदा चहा विचारला आणि एकदाही केला नाही. पोरगी चांगली वाढवली आहेस. उलट उत्तर देते, पण आधी समोरच्याचं ऐकून घेते. पस्तीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं, अशा मुली फार थोड्या भेटल्या.

आता मुद्दा. हात धुवायला ती मागच्या दारी गेली. तिथे पाण्याच्या टाकीशेजारी एक झाड आहे. माणसापेक्षा हातभर उंच, बाराही महिने हिरवं, आणि सध्या पांढऱ्या फुलांनी असं भरलंय की पानं शोधावी लागतात. टिटवी तिथेच थबकली.

"हे कसलं झाड, मोठी आई?"

"तगर."

"कसलं सुंदर आहे! आमच्याकडे एकसुद्धा झाड नाही."

"का? घर भाड्याचं आहे का?"

"नाही हो, स्वतःचं आहे. पुढे मागे मोकळी जागा आहे. पण आई काही लावतच नाही. शेजारच्या काकू रोपं आणून देतात, ती परत करते. म्हणते, माझ्या हाताला विष आहे."

हसत हसत म्हणाली. तिला ती तुझी एक लकब वाटते, माझी चपलांची आहे तशी. नळ चालू राहिला होता, तो बंद केला.

म्हणून तुला थोडी शास्त्रीय माहिती कळवणं भाग आहे. तगर आणि कण्हेर ह्या दोघी एकाच कुळातल्या. जावा जावाच म्हण. दोघी झुडपं, दोघी सदाहरित, दोघींची फुलं पांढरी असू शकतात, त्यामुळे घाईत बघणाऱ्याचा घोटाळा होतो. पण नीट पाहिलं तर फरक स्पष्ट आहे. कण्हेरीचं पान लांब, अरुंद आणि ताठ. बहुतेक प्रत्येक पेरावर तीन तीन पानं असतात. तगरीचं पान रुंद, चकचकीत, कडेला किंचित लाटा असलेलं. पेरावर पानं दोनच, समोरासमोर, आणि पुष्कळदा त्यांतलं एक मोठं तर एक लहान. फांदी वाढता वाढता दुभंगते आणि त्या बेचक्यात फुलं येतात. साध्या तगरीला पाच पाकळ्या, भिंगरीसारख्या एका बाजूला वळलेल्या. पान तोडलं की पांढरा चीक येतो. तगर हीदेखील काही खायची वस्तू नाही, लहान मुलांना तिच्यापासून लांबच ठेवावं. पण कण्हेरीचं विष ते वेगळं. कण्हेर जिवावर बेतते.

चौदा वर्षांपूर्वी टिटवीला उलट्या झाल्या. तू मागच्या अंगणात कपड्यांच्या दगडाजवळ लावलेल्या झाडाचं पान तिनं खाल्लं असं ठरलं. झाड कण्हेरीचं ठरलं आणि उपटलं गेलं. पुढे महिन्याभरात भावजींची बदली झाली आणि तुम्ही गेलात.

ते झाड कण्हेर नव्हतं. तगरच होती. त्या वेळी ओळखण्यात चूक झाली, हे अलीकडे लक्षात आलं. तेव्हा विषाबिषाचं मनात ठेवू नकोस, आणि शेजारीण रोपं देईल ती मुकाट्यानं घेत जा.

तुझी थोरली जाऊ,
बी. एस्सी.

ता. क. हे म्हणतात, घरच्या पत्राखाली पदवी कशाला? सवय आहे. दूधवाल्याच्या चिठ्ठीखालीही लिहिते.


२४ ऑगस्ट

धाकटीस आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. अख्खं पोस्टकार्ड मोकळं असताना तू एकच ओळ लिहिलीस: "ताई, झाड उपटून टाकलं होतं, तर टाकीशेजारी आहे ते आलं कुठून?" खाली सहीसुद्धा नाही.

वर्गात एखाद्या मुलीनं असा प्रश्न विचारला असता तर मी तिला पहिल्या बाकावर आणून बसवलं असतं. तुझं कार्ड मात्र मी तीन दिवस साखरेच्या डब्याखाली ठेवलं. कार्ड उघडंच असतं, ह्यांनी ते वाचलं होतं. चौथ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "मास्तरीणबाई, उत्तर येत नाही म्हणून पेपर कोरा द्यायचा नसतो. तूच सांगायचीस."

तर उत्तर देते. गेल्या पत्रात मी "ठरलं", "उपटलं गेलं", "चूक झाली" असं लिहिलं. जणू वारा आला आणि झालं. ह्या पत्रात तसं लिहिणार नाही.

तो शनिवार होता. माझी शाळा सकाळची. घरी आले, पिशवी खुंटीला लावली, जेवले, जरा आडवी झाले. तुझ्या हाका ऐकून मागे आले तर टिटवी पायरीवर बसून ओकत होती. ओकारी पांढरी होती. मुठीत त्या झाडाचं पान होतं. मी तिचा खांदा धरला आणि विचारलं, "खाल्लंस? खाल्लंस ना? खरं सांग!" तिनं मान हलवली. मला तेवढं पुरलं. पांढरं म्हणजे चीक, चीक म्हणजे विष, विष म्हणजे कण्हेर. एवढा प्रवास मी एका श्वासात केला. सासूबाई होत्या, तू होतीस, कुंपणावरून शेजारीण बघत होती. सगळ्यांसमोर मी नाव घेतलं.

तू म्हणालीस, "ताई, तगर आहे हो ती. माझ्या आईनं ओल्या फडक्यात बांधून दिलेली फांदी आहे."

मी तुला म्हटलं, "तू वनस्पतिशास्त्र शिकली आहेस का?"

तुझं शिक्षण किती, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि मी ते कोणाला विसरू देत नव्हते.

भावजी टिटवीला घेऊन डॉक्टरांकडे धावले. ते परत यायच्या आत मी मजूर बोलावून झाड मुळासकट काढून घेतलं. पहार त्याच्या हातात होती, बोट माझं होतं. जाळू नका, धूरही विषारी असतो, असंही वर बजावलं. म्हणून तो ढीग कुंपणापाशी तसाच पडला. डॉक्टर म्हणाले होते, काही विशेष नाही, पाणी पाजत राहा. संध्याकाळी पोर अंगणात उड्या मारत होती.

दिवे लागायच्या सुमाराला मी वाळलेले कपडे काढायला मागे गेले. ढिगातली एक फांदी पायात आली, ती बाजूला करायला उचलली. तुला माहीत आहे, दरवर्षी पहिल्या तासाला मी फळ्यावर एकच वाक्य लिहायची: आधी पानं मोजा, मग नाव घ्या. त्या दिवशी मी नाव आधी घेतलं होतं. फांदी हातात आली आणि बोटं आपली आपणच मोजायला लागली. पहिल्या पेरावर दोन पानं. दुसऱ्यावर दोन, एक मोठं, एक लहान. तिसऱ्यावर दोन. पाचव्या पेरानंतर मी थांबले.

धाकटी, "अलीकडे लक्षात आलं" हे मी तुला खोटं लिहिलं. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. अर्धे कपडे दोरीवर होते तेव्हाच.

तिथून स्वयंपाकघर किती लांब होतं? दहा पावलं. सासूबाई आत तुला ऐकवत होत्या, "विष आणून लावलंस घरात! माझी नात गेली असती म्हणजे?" मला सगळं ऐकू येत होतं. मी उरलेले कपडे काढले आणि त्यांच्या घड्या केल्या. नीट, कडेला कड लावून.

का, ते आता लिहिते. सोपं कारण हे की मी एकदा बोललेलं मागे घेत नसे आणि घरात तो माझा मोठेपणा समजला जायचा. पण खरं कारण त्याच्या खालचं आहे. ते झाड रोज फुलायचं. सासूबाई सकाळी फुलं तोडायच्या, पितळी वाटीत पाणी घालून खिडकीत ठेवायच्या आणि म्हणायच्या, "धाकटीच्या हाताला गुण आहे." माझी सगळी रोपं महिन्या दोन महिन्यांत माना टाकायची. वनस्पतिशास्त्र मी शिकले आणि गुण तुझ्या हाताला. रोज सकाळी, चहाबरोबर, हे वाक्य. त्या दिवसानंतर सासूबाईंनी ते पुन्हा उच्चारलं नाही. आणि मला, सांगायला लाज वाटते, पहिले काही दिवस बरं वाटलं.

मग तुमची बदली. ती भावजींनी मागून घेतली होती हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे "बदली झाली हो" असंच म्हणत राहिले. त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्या संध्याकाळी ढिगातून मी आठ तुकडे कापले. सोमवारी छत्रीत लपवून शाळेत नेले आणि प्रयोगशाळेच्या मागे वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात लावले. सात गेले. आठवा जगला. शिपाई विचारायचा, "बाई, ह्या एवढ्याशा काडीला काय रोज पाणी घालता?" मी म्हणायची, प्रयोग चालू आहे. डबे बदलत आठ वर्षं तो प्रयोग चालला. निवृत्त झाले त्या दिवशी हारतुरे तिथेच राहिले, रिक्षातून डबा घेऊन घरी आले आणि झाड टाकीशेजारी लावलं.

ह्यांनी विचारलं, "ही पाहुणी कोण?" म्हटलं, शाळेतली आहे. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी विचारायला लागले, "धाकटीला पाणी घातलंस का?" सहा वर्षं हेच. मी एकदाही "कोण धाकटी" म्हणून विचारलं नाही.

सासूबाई गेल्या तेव्हा तू सकाळी आलीस आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलीस. स्टेशनवर सोडायला मी येते म्हटलं होतं, आठवतं? वाटेत सांगायचं ठरवलं होतं. तू म्हणालीस, "कशाला त्रास, ताई." मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांना खरं न कळताच त्या गेल्या. ते आता मला दुरुस्त करता येणार नाही.

चूक झाली नव्हती. मी केली होती, आणि कळल्यावर दडवली होती. पहिलीला क्षमा असते. दुसरीला असते की नाही ते तू ठरव.

थोरली

ता. क. पदवी मुद्दाम लिहिलेली नाही.


१९ सप्टेंबर

धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. आधी पानं मोजली. सहा, दोन्ही बाजूंनी लिहिलेली.

मग वाचलं. दुसऱ्या पानावर तू मला ढोंगी म्हटलं आहेस. बरोबर. तिसऱ्यावर लिहिलंस की माझ्या इस्त्रीच्या घड्यांचा तुला लग्न होऊन आल्यापासून राग होता. हे मला नवीन होतं, पण असू दे, त्याच ओघात येऊन गेलं. चौथ्या पानावर तू लिहिलंस की सासूबाई गेल्या त्या दिवशी त्यांच्या पायाशी बसून तू मनातल्या मनात माफी मागितलीस, घरात विष लावल्याबद्दल. ते पान मी एकदाच वाचू शकले. पाचव्यावर शाई पसरली आहे, तिथे पाणी सांडलं असं तू बाजूला लिहून ठेवलंस. ठीक. पाणी.

आणि सहाव्या पानाच्या अगदी तळाशी: "फांद्या पाठवा, ताई. तुमचं नंतर बघू."

हे शेवटचं वाक्य मी ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. हे म्हणाले, "नंतर बघू म्हणजे बघणार आहे ना?" मग उठून मागे गेले आणि बराच वेळ झाडाला पाणी घालत राहिले. टाकी रिकामी केली. मी त्या दुपारी झोपले. दुपारी झोपणाऱ्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली. पाच वाजता ह्यांनी हलवून उठवलं.

आता एक बातमी. तू टिटवीला फोनवर सगळं सांगितलंस, तशी ती रविवारी इथे येऊन थडकली. सरळ स्वयंपाकघरात घुसली आणि ओट्यावर चढून बसली. मी तिला खाली उतर म्हटलं नाही, ह्यावरून माझी अवस्था समज. खूप वेळ पाय हलवत होती. मग म्हणाली, "मोठी आई, रागावणार नसलीस तर एक सांगू?"

कधीतरी "तुम्ही"ची "तू" झाली होती, ते मी तेव्हा ऐकलं.

"सांग."

"मी पान खाल्लंच नव्हतं."

"मग काय खाल्लं होतंस?"

"खडू."

"काय?"

"खडू. तुझ्या पिशवीतले. तू आडवी झाली होतीस ना. साडेतीन खाल्ले."

धाकटी, मी हातातलं भांडं खाली ठेवलं. तो पांढरा चीक म्हणजे माझे खडू! सरकारी शाळेचे, चौकोनी डब्यातले.

"मग मान का हलवलीस, कार्टे?"

"तू विचारलंस, खाल्लंस ना? मला वाटलं खडूचंच विचारतेस. म्हटलं, सापडले."

"आणि ते पान कशाला घेतलं होतंस हातात?"

"तोंड पुसायला."

हे दारात उभे राहून ऐकत होते, ते तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. गुडघा दुखतो म्हणून ज्यांना खुर्चीशिवाय बसता येत नाही, ते. इतकं हसले की मला पाणी आणून द्यावं लागलं. मला हसू आलं, पण मी आधी विचारायचं ते विचारलं. "नंतर का नाही सांगितलंस? एवढं रामायण झालं तरी?"

त्यावर तिचं हसू जरा उतरलं. म्हणाली, "झाड उपटलेलं बघितलं होतं ना मी. वाटलं, खडूचं सांगितलं तर ही मलाही उपटून टाकेल."

पाच वर्षांच्या पोरीला मी अशी वाटत होते. नंतर ती विसरून गेली, आणि घरात तो विषय कोणी काढत नसे, तेव्हा आठवण करून देणारंही कोणी नव्हतं. तू फोनवर "पांढरी ओकारी" म्हणालीस तेव्हा तिला एकदम त्या खडूंची चव आठवली, म्हणाली. तिला बोलू नकोस. चौदा वर्षं गप्प राहायला ती मला बघूनच शिकली असावी, आणि तिला निदान खडूंची भूक होती.

फांद्या टिटवीबरोबर पाठवते आहे. तिचं प्रशिक्षण परवा संपतं. तीन आहेत, ओल्या फडक्यात बांधलेल्या. तुझ्या आईनं बांधली होती तशाच बांधायचा प्रयत्न केला आहे. ती गाठ मी त्या वेळी नीट पाहिली नव्हती. टिटवी सांगते की तुझ्या माहेरी आता ते झाड राहिलेलं नाही, त्या जागी खोली बांधली. म्हणजे तुझ्या आईच्या झाडाचं जे काही उरलं आहे, ते हेच. जपून ने असं मी तिला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागले तर म्हणाली, "मोठी आई, मी रक्ताच्या नळ्या सांभाळते रोज!"

लावायची रीत अशी. फांदी पेन्सिलीएवढी जाड आणि वीतभर लांब घेतली आहे. खालची पानं काढली आहेत, वरची दोन ठेवली आहेत, तीही अर्धी कापून, म्हणजे पाणी कमी उडतं. खालचा काप तिरका पेराच्या जरा खाली घ्यावा. चीक गळून वाळू द्यावा, मगच मातीत लावावी. मातीत निम्मी वाळू. पहिले पाच सहा आठवडे ऊन थेट लागू देऊ नये, माती ओलसर ठेवावी पण चिखल नको. मुळं धरली का हे बघायला रोज उपटून पाहू नये. नवीन पान फुटलं की

हे मी कोणाला सांगते आहे? मी शास्त्रानं आठ लावल्या आणि सात मारल्या. तू कपड्यांच्या दगडाशेजारी एक काडी खुपसली होतीस आणि सहा महिन्यांत तिला फुलं होती. तुला हवी तशी लाव. मला फक्त नवीन पान फुटलं की कळव. दोन ओळी पुरेत. सही केली नाहीस तरी चालेल.

राहिली तुझी अट. पाचव्या पानाच्या मागे तू लिहिलंस: "मला तोंडी नको, लिहून द्या. आणि खाली पदवी लिहा. त्या दिवशी मला पदवीनं विषारी ठरवलं होतं, आता पदवीनंच काय ते सांगू दे. शेजारच्या काकूंना दाखवणार आहे मी." वाचून आधी राग आला, मग कौतुक वाटलं. तू वनस्पतिशास्त्र शिकली असतीस तर मला जड गेलं असतं.

वेगळ्या कागदावर लिहिणार होते, पण म्हटलं ह्याच कागदावर असू दे, म्हणजे काकूंना दाखवताना वरचं खडूंचंही वाचून दाखवता येईल. तेवढी शिक्षा मला कबूल आहे.

लिहून देते की, चौदा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या जावेनं आमच्या अंगणात लावलेलं झाड तगर होतं. मी ते पानं न मोजता कण्हेर ठरवलं, आणि पानं मोजल्यावर गप्प बसले. दोन्ही मी केलं. तिच्या हाताला विष नव्हतं आणि नाही. तिच्या हाताला गुण आहे. आमच्या सासूबाई रोज सकाळी म्हणायच्या ते खरं होतं, आणि ते मी पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांनी पाहत होते.

सही,
तुझी थोरली,
बी. एस्सी., वनस्पतिशास्त्र